बुट्टीतली एक चप्पल

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की ऑफिसात डबा खाताना आम्हा बायकांच्या गप्पा बदलायच्या. भाजी, सासू, बदल्या हे सगळं मागं पडायचं आणि एकच विषय उरायचा. शाळा सुटल्यावर पोरं ठेवायची कुठं? कुणाची आई गावाहून यायची, कुणाची यायला तयार नसायची. कुणी उन्हाळी शिबिराचं पत्रक आणायचं, कुणी सांभाळणाऱ्या बाईचा पत्ता. कागद या हातातून त्या हातात फिरायचे आणि माझा डबा तसाच राहायचा.

मला तर कुणीच नव्हतं. आई गारगोटीजवळच्या आमच्या खेड्यात, रोजानं दुसऱ्याच्या शेतात. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. नवरा कारखान्यात, शिफ्टमध्ये. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम., दुसऱ्या वर्गात पास, आणि परीक्षा देऊन सरकारी ऑफिसात लागलेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात या पदवीचाही हात आहे.

वैशू तेव्हा दुसरीतून तिसरीत गेली होती. मंगळवार पेठेत आम्ही नवीनच खोली घेतली होती. शेजारणीनं सांगितलं, "गल्लीच्या टोकाला अक्का हाय. तिच्याकडं ठेव पोरगी. पर तिचं नियम हाईत बाई."

नियम कसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला कळलं.

दारात एक उंच, काटकुळी बाई उभी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, इरकली लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं. पायाशी एक मोठी बुट्टी, वेताची. बुट्टीत सात-आठ चपला, आणि एकीलाही जोडीदार नाही. एक निळी स्लिपर, एक लाल सँडल, एक पट्टा शिवलेली. मी हातातल्या कागदावर प्रश्न लिहून आणले होते. शिक्षण किती, पोरं किती, पाणी उकळून देता का. मी तोंड उघडायच्या आत तिनंच मला विचारलं.

"कुठं जातीस?"

मी ऑफिसचं नाव सांगितलं.

"ते कुठं आलं?"

"बावड्याच्या रस्त्याला. कोर्टाच्या पुढं, पिवळी इमारत, दुसरा मजला."

"येतीस कवा?"

"पाचपर्यंत."

"पाच म्हंजे पाच का साडेपाच?"

"साडेपाच," मी कबूल केलं.

"मग तसं सांग की. पोरगी पाचपास्नं दाराकडं बघत बसती." मग ती वैशूकडं वळली. "डाव्या पायातली काढ. हितं टाक."

वैशूनं माझ्याकडं बघितलं. मी अक्काकडं. "एकच?" मी विचारलं.

"एकच. दोन्ही काढून घेतल्या तर पोरगं अनवाणी पळतंय. एक पायात असली की लंगडत किती लांब जाईल? मे म्हैन्यात डांबरावर?" ती हसली नाही. "आन् एक ध्यानात ठेव. सकाळी जी सोडती, सांजच्याला तिनंच न्यायचं. तिच्याच हातात दुसरी चप्पल मिळंल."

माझ्या हातातला कागद मी पर्समध्ये घातला. परत कधी काढला नाही.

अक्काचं नाव गंगव्वा. माहेर नेसरीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीपासून फार लांब नाही, त्यामुळं तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं. आईला अव्वा म्हणायची. मी तिच्यासाठी शेवटपर्यंत "वैशूची अव्वा" राहिले, माझं नाव तिनं कधी विचारलं नाही. नवरा गुळाच्या बाजारात कामाला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. शिक्षण चौथी, तेही कडेवर भाऊ घेऊन शाळेत बसून.

मी तिला बसलेली कधी पाहिली नाही. कितीही अचानक जा, अक्का उभी. उभ्यानंच चहा प्यायची, उभ्यानंच भाकरी खायची, भिंतीला टेकून, डोळे पोरांवर. पोरं जेवायला बसली की ती पंगतीभोवती फेऱ्या मारायची, आणि फेरी मारताना बोटं हलायची, "वंदु, येरडु, मूरु..." आकडे कानडीत. पोरं मोजायची तिची ती सवय. दिवसातून किती वेळा मोजायची देव जाणे. महिन्याभरात सगळ्या पोरांना कानडी आकडे यायला लागले. एकदा ऑफिसच्या साहेबांसमोर वैशूनं जिन्याच्या पायऱ्या कानडीत मोजल्या, तर साहेब म्हणाले, "बेळगावचे काय हो तुम्ही?"

पोरांना तिच्याकडं काय शिकायला मिळायचं? शिकवणं असं काही नव्हतंच. गल्लीतल्या बायकांचे पापड, सांडगे, कुरडया तिच्या गच्चीवर वाळायला असायच्या. पोरांनी पाळीपाळीनं कावळे हाकलायचे, सावलीत बसून. एक पोरगं कावळ्याकडं बघणार, एक त्या पोराकडं बघणार, आणि अक्का दोघांकडं. दुपारी एक ते तीन कुणीही झोपलं नाही तरी चालेल, पण आडवं व्हायचं. मग सागरगोटे. चारला चुरमुरे. भांडण झालं तर दोघांना एकाच पाटावर बसवायची आणि सांगायची, "आता हितनं पडू नगासा." पाट एवढासा. पडू नये म्हणून एकमेकांना धरावंच लागायचं.

तिच्या नियमाचा दणका सगळ्यात मोठा बसला तो माझ्या नवऱ्याला.

एकदा त्याची सकाळची शिफ्ट लवकर सुटली. त्याला वाटलं, आज पोरीला आपण न्यावं, रंकाळ्यावर भेळ चारावी. गेला अक्काच्या दारात, कारखान्याच्या खाकी कपड्यात.

"कोण पावणं?"

"वैशूचा बाप. न्यायला आलोय."

"सकाळी सोडाय आलतासा?"

"नाही, तिची आई आली होती."

"मग ती येऊ दे."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"असशील की. मी कुठं न्हाय म्हणतो?"

वैशू आतून ओरडली, "अक्का, माझे पप्पाच हायती!" अक्का म्हणाली, "व्हय गं. मला बी दिसतंय, नाक सेम हाय. पर सकाळी नव्हतं."

मी साडेपाचला पोचले तेव्हा नवरा उंबऱ्यावर बसलेला, हातात चहाचा रिकामा कप. त्याला दोन वेळा चहा मिळाला होता, चुरमुरे मिळाले होते, पोरगी मिळाली नव्हती. मला बघून तो म्हणाला, "माझी पण एक चप्पल काढून घेतली हिनं. आत बसायचं तर नियम सगळ्यांना, म्हणे."

घरी येईपर्यंत तो चिडलेला होता. रात्री जेवताना मात्र म्हणाला, "बँकेच्या लॉकरात ठेवल्यागत हाय बघ पोरगी." मला वाटतं त्या दिवसापासून त्याचा अक्कावर जेवढा विश्वास बसला तेवढा माझ्यावरही नसेल.

हा नियम आला कुठून ते मी एकदा विचारलं. पाऊस येईल की काय म्हणून आम्ही दोघी गच्चीवरचे सांडगे गोळा करत होतो. सांगताना तिचे हात थांबले नाहीत.

"मी धा वर्साची असंन. अव्वा शेतात. पाच भावंडं माझ्याजवळ. एक दिस धाकटी दिसंना झाली. उंबऱ्यात खेळत हुती, वळून बघतो तर न्हाय. सगळं गाव गोळा झालं. हिरीत गळ टाकलं माणसांनी. दिवस मावळताना मामा आला, बैलगाडीतनं, तिला घिऊन. गडहिंग्लजच्या बाजाराला नेलं हुतं, म्हणाला, पोरगी मागं लागली म्हणून. कुणाला सांगितलं न्हाय की काय न्हाय. पोरीच्या हातात जिलेबी." तिनं ओंजळभर सांडगे डब्यात ओतले. "मामाला कोण काय बोललं न्हाय. मी मार खाल्ला. तवापास्नं मला बसवत न्हाय बघ."

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी माझं डोकं फिरलं.

ऑफिसात इनामदार मॅडम होत्या. चांगल्या बाई, मला कधी कमी लेखलं नाही त्यांनी. पण एकदा डबा खाताना सहज म्हणाल्या, "सांभाळायला ठेवतेस तिथं मुलं दिवसभर करतात काय गं?" मी म्हटलं, "खेळतात. गच्चीवर असतात." वैशू नेमकी आदल्या आठवड्यात ऑफिसात येऊन गेली होती आणि सगळ्यांना सांगून गेली होती की तिला कावळे हाकलायला फार आवडतं. सगळ्या हसल्या. मॅडमपण हसल्या. मीही हसले, आणि डबा अर्ध्यावरच बंद केला.

मी लहान असताना मला सांभाळायला बांधावरची चिंच होती. आई खाली फडकं अंथरून, तांब्याभर पाणी ठेवून भांगलायला, तण काढायला जायची. दिवसभर मी चिमण्या हाकलायचे. त्यातून उठून मी इथवर आले ते काय माझ्या पोरीनं कावळे हाकलावेत म्हणून?

ताराबाई पार्कात एका मैदानावर शिबिर होतं, वीस दिवसांचं, रोज चारपर्यंत. चित्रकला, कराटे, नाच, व्यक्तिमत्त्व विकास. पत्रक इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. नवरा म्हणाला, "अर्धा वेळ तिकडं, अर्धा वेळ अक्काकडं असं न्हाय का जमणार?" मी म्हटलं, "नाही जमणार. शिकायचं तर नीट शिकू दे."

अक्काला सांगायला गेले तेव्हा ती उभी राहून लसूण सोलत होती. मी पुष्कळ बोलले. शिबिरात काय काय असतं, आताच्या दिवसात पोरांना काय काय यायला लागतं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "जाताना पोरगी कुणाच्या हातात देत्यात?"

"शिकलेली माणसं आहेत अक्का ती. सगळं लिहून असतं त्यांचं."

"बरं," ती म्हणाली. आणि बोटं हलली. मला वाटतं त्या क्षणी तिनं एक कमी मोजलं.

शिबिराचा दुसरा आठवडा. सकाळी बस पकडायच्या गडबडीत वैशूनं एक चिठ्ठी पुढं केली, "सही पाहिजे." इंग्रजीत चार ओळी, खाली दोन चौकोन. मी वरवर बघितली. एका चौकोनात खूण केली, सही ठोकली. ऑफिसात माझं काम काय, तर लोकांच्या अर्जातल्या चुका काढायच्या. कुठं सही राहिली, कुठं खूण चुकली, की अर्ज परत. त्या दिवशीही मी दोन माणसांना दारातनं परत पाठवलं होतं.

दुपारी रोजच्यासारखी साहेबांना सांगून साडेतीनला निघाले, मैदानावर पोचले तर गेट बंद. आत एक माणूस पाणी मारत होता.

"शिबिर?"

"साडेअकरालाच सुटलं की बाई. चिठ्ठी दिलती न्हवं तुमास्नी?"

शिबिर घेणाऱ्या बाई मागच्याच बंगल्यात राहत. त्यांनी फाईल काढली. चिठ्ठी समोर धरली. आज शिबिर लवकर सुटेल, पालक न्यायला येणार की मूल एकटं घरी जाणार? दुसऱ्या चौकोनात खूण. खाली माझी सही, वळणदार. मी सही अशी करायला कॉलेजात असताना वह्यांवर वह्या भरल्या होत्या.

बाई घाबरल्या, फोन करू लागल्या. मी थांबले नाही. रिक्षा केली. साडेअकरा ते चार. नऊ वर्षांची पोर. वाटेत दसरा चौक, बिंदू चौक, किती रस्ते, किती वळणं. रिक्षावाल्याला मी काय सांगत होते मला आठवत नाही. त्याला दोन वेळा "थांबा" म्हटलं आणि दोन्ही वेळा ती पोरगी वैशू नव्हती.

घराला कुलूप. जसं सकाळी लावलं तसं. अक्काकडं पळाले.

अक्काच्या दारालाही कुलूप होतं.

दिवसाउजेडी ते दार बंद मी कधी पाहिलं नव्हतं. उंबऱ्यात बुट्टी नाही. गच्चीवर पापड तसेच, आणि त्यावर कावळे बसलेले, कुणी हाकलायला नाही.  मी पायरीवर बसले आणि मला विहिरीत टाकलेले गळ दिसायला लागले, जे मी कधी पाहिले नव्हते.

समोरच्या किराणावाल्यानं हाक मारली. "वैनी, अक्का तुमाकडंच गेली की! सगळी जत्रा घिऊन."

"माझ्याकडं कुठं?"

"हापिसात."

मी उठले, तोवर गल्लीच्या तोंडाला ते दिसले. पुढं वैशू. तिच्या मागं सात पोरं, प्रत्येकानं पुढच्याचा सदरा धरलेला. प्रत्येकाच्या दोन्ही पायांत चपला. शेवटी अक्का, घामानं विभूती ओघळलेली, कमरेवर रिकामी बुट्टी.

मला बघून तीच ओरडली. "कुठं गेलतीस? हापिसात न्हाईस, घरात न्हाईस! ह्या उन्हात पोरगी तिकडनं हितपातूर चालत आली माझ्याकडं!"

मी वैशूला ओढलं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिला धरून मीच रडायला लागले.

"तिला कशापाय मारतीस?" अक्का मध्ये आली. "दोन्ही चपला हुत्या तिच्या पायात. चालणारच की पोरगी."

नंतर कळलं ते असं. वैशू पहिल्यांदा घरी गेली, कुलूप बघितलं, मग अक्काकडं. अक्कानं तिला जेवू घातलं, आडवं केलं, आणि तीनपर्यंत वाट बघितली. मग तिच्या मनात आलं की आता अव्वा मैदानावर जाईल, पोरगी नाही बघून तिचं काय होईल. फोन नंबर तिच्याकडं नव्हता. मी कधी दिलाच नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी दारात उभ्या उभ्या सांगितलेलं तिनं जपून ठेवलं होतं. कोर्टाच्या पुढं, पिवळी इमारत, दुसरा मजला. आठ पोरं घरात सोडता येईनात, म्हणून सगळी घेतली. शिपायानं अडवलं, "कुठल्या साहेबांकडं काम हाय?" तर म्हणाली, "साहेब नगं. वैशूची अव्वा दे." मी दहा मिनिटांपूर्वी निघाले होते. इनामदार मॅडमनी सगळ्या पोरांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला घेईल का गं ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी वैशूला घेऊन अक्काच्या दारात उभी राहिले.

"शिबिर?"

"संपलं."

"वीस दिवसाचं म्हणालतीस."

"अक्का, चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ दे." तिनं पायानं बुट्टी पुढं सरकवली. "चप्पल."

तिची बाजू मी घेते आहे हे मला कळतं. शिबिर वाईट नव्हतं. तिथली बाकीची पोरं काही ना काही शिकून गेली. वैशूला अजून चित्राचा ब्रश धरता येत नाही, आणि कॉलेजात गेल्यावर तिनं मला ऐकवलं, "तू मला कुठलाच क्लास पूर्ण करू दिला नाहीस."  दर एप्रिलला कुणाच्या तरी डब्यावर तो विषय निघाला की माझा डबा अजून तसाच राहतो, आणि कुणी विचारलं की काय करावं, तर मी आधी उलट विचारते, "जाताना कुणाच्या हातात देतात?"

वैशू सातवीत गेली, मग तिला कुणी सांभाळायची गरज उरली नाही. आम्ही कळंब्याकडं घर बांधलं. अक्काला म्हातारपण लागलं तशी तिचा भाचा येऊन तिला नेसरीला घेऊन गेला. मी जाईन जाईन म्हणत राहिले. ऑफिस, घर, वैशूचं इंजिनिअरिंग. सारखी कशाच्या तरी मागं पळत होते. शेवटी एका रविवारी एकटीच गेले. पाचची परतीची गाडी धरायची असं ठरवूनच.

भाच्याचं घर रस्त्याकडेला. अक्का उंबऱ्यात बसली होती.

बसली होती. मी तिला बसलेली पहिल्यांदा पाहिली, आणि ओळखायला मला वेळ लागला तो त्यामुळंच. कपाळावर पट्टे तेच. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

भाच्याची बायको बाहेर आली. ओशाळून म्हणाली, "काय करायचं वैनी, सारखं उठून जात्यात. परवा पार बसस्टँडपातूर गेलत्या. पोरं घरला सोडायची हाईत म्हणत्यात. मग अक्कांनीच लहानपणी सांगितलेलं आमच्या ह्यांस्नी आठवलं, एका चपलेत कोण लांब जात न्हाय म्हणून. एक चप्पल काढून ठेवतो आता. वर, फळीवर." तिचे डोळे भरले होते. वाईट बाई नव्हती ती.

मी अक्काजवळ वाकले. "अक्का, मी. वैशूची अव्वा."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. ती माझ्या पायांकडं बघत होती. कपाळाला आठ्या पडल्या.

"दोन्ही पायात?" ती म्हणाली. आवाज जुनाच, खणखणीत. "कुणी सोडलं तुला आत?"

मी डावी चप्पल काढली. तिनं ती घेतली, झटकली, आणि लुगड्याच्या ओच्यात धरून ठेवली.

"सकाळी सोडाय कोण आलतं तुला?"

"कुणी नाही, अक्का. मी एकटीच आले."

 तिची बोटं हलली, एकदा, दोनदा. मग उंबऱ्यावर सरकून तिनं मला जागा केली.

"बस मग. येईल कोण तरी."

पाच वाजायला आले होते. रस्त्याला गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग गाडी आली, थांबली, माणसं चढली. मी उघडा पाय दारापुढच्या फरशीवर टेकवून बघितला. फरशी अजून तापलेली होती. गाडी गेली. मी बसून राहिले.